'कित्ती गोड' म्हणायच्या आधी

सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी जुनी ब्लॅक अँड व्हाइट क्लिप टाकली. तीन-चार वर्षांची पोरं, कमरेला लंगोट, त्याला ही एवढी मोठी सेफ्टी पिन, आणि मोठ्या बायाबापड्यांसारखे नखरे करतायत. खाली बदामांचा पाऊस. 'कित्ती गोड!'

डोकंच फिरलं माझं.

ही 'बेबी बर्लेस्क्स' नावाची छोट्या विनोदी फिल्म्सची मालिका, 1932-33 सालची. त्यातली कुरळ्या केसांची चिमुरडी म्हणजे शर्ली टेंपल, पुढे हॉलिवूडची गाजलेली बालतारका. तिनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, सेटवर कुणी मस्ती केली की त्याला एका काळ्या खोक्यात कोंडायचे. आत बसायला बर्फाची लादी. लंगोटातल्या पोराला, बर्फ! हो, त्या खोक्याने आपलं कायमचं काही बिघडलं नाही, असंही तीच म्हणते. बरं, म्हणू दे.

तिसरीत असताना गॅदरिंगला मला हरवलेल्या मुलीचं काम होतं. समोरची गर्दी बघून ऐनवेळी रडूच येईना. बाईंनी विंगेत दंडाला असा चिमटा काढला की मी भोकाड पसरतच स्टेजवर गेले. टाळ्याच टाळ्या! रात्री आई त्या काळ्यानिळ्या डागावर खोबरेल चोळत म्हणाली, "पण काम काय झालं गं तुझं!"

तसाच जॅकी कूपर, निर्माता हॅल रोचच्या 'अवर गँग' या पोरांच्या टोळीवरच्या विनोदी फिल्म्सच्या मालिकेतला पोरगा. 1931 च्या 'स्किपी' सिनेमात त्याला रडू येईना, तर दिग्दर्शकाने, म्हणजे त्याच्या सख्ख्या मावशीच्या नवऱ्याने, तुझ्या कुत्र्याला गोळी घालू म्हणून धमकावलं. पोरगं ढसाढसा रडलं. नवव्या वर्षी ऑस्करचं नामांकन. काम काय झालं!

मान्य, 'अवर गँग' सुरू झाली त्या 1922 साली काळी-गोरी पोरं एकाच टोळीत बरोबरीने हुंदडताना दाखवणं ही मोठी गोष्ट होती. आणि पोरं होतीच भारी, 'अवर गँग' बघताना मीही खदखदून हसलेय. पण पुढे त्याच फिल्म्स टीव्हीवर वर्षानुवर्षं चालल्या, त्याचा एक पैसा त्यांना मिळाला नाही. चॅप्लिनबरोबर 'द किड'मध्ये झळकलेल्या जॅकी कुगनची कमाई तर आई आणि सावत्र बापानेच उडवली. कोर्टात जाऊन हाती आले सव्वा लाख डॉलर, कमावले होते तीस-चाळीस लाख! मग 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांची कमाई जपायला त्याच्या नावाने कायदा झाला.

आईचा राग नाही हो मला. तिला खरंच कौतुक होतं. पण डाग बघूनही चिमटा कुणी काढला, हे तिने विचारलं नाही.

ग्रुपवर एवढंच लिहिलं, तर दादा म्हणतो, "तुला सगळ्यात खुसपटं काढायची सवयच आहे." तोच दादा, जो काल जेवायच्या वेळी पेंगुळलेल्या लेकीकडून एकच डायलॉग पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होता. रील आलंय. तुमच्याकडेही येईलच. माझा बदाम नाहीये त्यावर.