दुर्बीण नसली तरी चालेल

हौशी आकाशनिरीक्षणावरच्या तुमच्या लेखात ॲप्स आणि दुर्बिणींची माहिती छान दिली आहे, पण अवकाशयानांनी पाठवलेल्या मूळ छायाचित्रांचा उल्लेख राहून गेला. माझ्या मते हौशी माणसासाठी खरा खजिना तोच आहे, आणि तो फुकट आहे.

सप्टेंबर 2019 मध्ये इस्रोच्या चांद्रयान-2 मोहिमेतला विक्रम लँडर चंद्रावर कोसळला. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने त्या भागाची छायाचित्रे घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांनी घरी बसून लँडर कोसळण्याआधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. त्यांना सापडला तो फक्त एक उजळ पिक्सेल! 1.3 मीटरचा एक ठिपका, आदळल्याच्या मुख्य जागेपासून सुमारे 750 मीटर वायव्येला. तो विक्रमचाच अवशेष असल्याची खातरजमा करून नासाने डिसेंबरमध्ये त्यांना जाहीर श्रेय दिले. मला तर आजही याचं फार अप्रूप वाटतं.

सुरुवात करायची तर एलआरओचा 'क्विकमॅप' हा चंद्राचा ऑनलाइन नकाशा उघडा, मोबाइलपेक्षा संगणकावर बरा. आधी सूर्यप्रकाश कोणत्या बाजूने येतोय ते बघा, नाहीतर खड्डे उंचवट्यांसारखे दिसतात. हात बसला की इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर नोंदणी करा; चांद्रयान-2 ची छायाचित्रे तिथे मिळतात. त्याच्या ओएचआरसी कॅमेऱ्याला 100 किलोमीटर उंचीवरून साधारण पाव मीटरपर्यंतचे बारकावे टिपता येतात. फाइल्स मात्र अवजड असतात, चांगलं इंटरनेट हवं.

लेखकांनी यावर स्वतंत्र लेख लिहावा, ही मनापासून विनंती.