किल कमी, म्हणून कॅप्टन बदलायचा?

गेमिंगच्या ग्रुपांवर एक वाक्य सारखं फिरतं : 'टीमगेममध्ये डोकं म्हणजे रिफ्लेक्स. ज्याचे किल जास्त तोच कॅप्टन. आणि एकदा हाकललेला आयजीएल म्हणजे संपलेला आयजीएल.' (किल म्हणजे मारलेला प्रतिस्पर्धी; आयजीएल म्हणजे इन-गेम लीडर, चालू खेळात टीमला हुकूम देणारा कॅप्टन.) ठीक आहे, काउंटर-स्ट्राइकवर घासून बघू : पाच-पाच जणांच्या दोन टीमचा बंदूकबाजीचा गेम, एक टीम बॉम्ब लावते, दुसरी अडवते.

रिफ्लेक्सचं आधी. राउंडची पहिली गोळी सुटण्यापूर्वी हिशेब सुरू होतो. एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीला खेळातले ४७५० डॉलर, एके-४७ला २७००. तिघांचे खिसे भरलेले, दोघांचे रिकामे; मग आत्ता खरेदी करायची की सगळ्यांनीच हात आखडायचा? समोरच्यांकडे किती उरले असतील, हेही मनातल्या मनात मांडायचं. इथे निशाणा काय कामाचा? त्यात २०१६ मध्ये गेम बनवणाऱ्या वाल्वनं मेजर, म्हणजे सगळ्यांत मोठ्या स्पर्धांत चालू खेळात कोचला बोलायला मनाई केली. वॉर्मअप, हाफटाइम आणि मोजके टाइमआउट तेवढे त्याचे. बॉम्ब लागल्यावर तो फुटेपर्यंतच्या ४० सेकंदांत काय करायचं ते आत बसलेल्या पाचांनीच ठरवायचं.

किलचा आणि 'संपलेल्या'चा दावा एकाच माणसापाशी कोसळतो : डेन्मार्कचा आयजीएल कॅरिगन. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या टीमनं, म्हणजे अ‍ॅस्ट्रालिसनं त्याला बाजूला करून ग्लेव्हला आणलं. ग्लेव्ह आखणीचा माणूस. कुठला स्मोक (धुराचा बॉम्ब) कधी पडायचा, सगळं बसवलेलं. त्याच्या हाताखाली टीमनं २०१७ ते २०१९ मध्ये चार मेजर जिंकले. झालं, कॅरिगन संपला म्हणायचं? २०२२ च्या मे महिन्यात अँटवर्पच्या मेजरच्या फायनलला त्याच्या नव्या टीमनं, फेझनं, नावी या टीमला २-० हरवलं, आणि नावीत तेव्हा किलसाठी गाजलेला सिंपल होता! कॅरिगन तेव्हा ३२ वर्षांचा, किलच्या तक्त्यात बहुतेक वेळा तळाशी. त्याची खुबी वेगळी : समोरच्याची चाल ओळखून राउंडच्या मध्येच बेत बदलायचा. खुर्ची तीच, पण ग्लेव्हची बुद्धी एक आणि याची दुसरी. (क्रिकेटवाल्यांना माइक ब्रेअर्ली आठवेल. कसोटीत एकही शतक नाही, तरी इंग्लंडचा कर्णधार.)

ब्राझीलचा फॉलन मात्र एडब्ल्यूपीही चालवायचा आणि टीमही. २०१६ मध्ये दोन मेजर जिंकले. नाकारायचं कशाला? पण त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या स्नायपरला कॅप्टन करण्याआधी त्याला एवढंच विचारा : पुढच्या राउंडला समोरच्यांकडे किती पैसे असतील? उत्तर आलं, तर खुशाल करा.