आराम मिळतो, पण किती काळ?

मसाजने कर्करुग्णांची वेदना आणि चिंता निम्म्याने कमी होते आणि असा मसाज घरी कोणीही करू शकतो, असे कर्करुग्णांच्या मसाजवरील लेखात म्हटले आहे. त्यातील पहिले विधान न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील १,२९० रुग्णांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींवर आधारलेले आहे. मात्र त्या नोंदींत तुलनेसाठी मसाज न घेतलेला गट नव्हता, हे सांगायचे राहून गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आजार बळावलेल्या ३८० रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत एका गटाला मसाज, तर दुसऱ्याला केवळ अंगावर हात ठेवून साधा स्पर्श देण्यात आला. मसाजने लगेचचा आराम अधिक मिळाला, पण पुढील काही आठवड्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही.

आईच्या केमोथेरपीच्या काळात आम्ही रात्री तिच्या तळपायांना हलक्या हाताने तेल लावत असू आणि तेवढ्याने तिला झोप लागे, त्यामुळे हा तात्पुरता आराम मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. मात्र रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट घसरल्या तेव्हा डॉक्टरांनी जोराने चोळण्यास सक्त मनाई केली. हाडांत पसरलेला आजार किंवा पायाच्या शिरेत गुठळी असलेल्यांनीही हीच काळजी घ्यायची असते, आणि ‘घरी कोणीही करू शकतो’ असे लिहिताना निदान एवढे वाक्य जोडणे आवश्यक होते.