चार अक्षरांवरून अकरावीची शाखा ठरवू नका

दहावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. मोबाइलवर पंधरा मिनिटांची 'शास्त्रीय चाचणी' द्या, चार इंग्रजी अक्षरे मिळतील, त्यावरून मुलाचा स्वभाव आणि करिअर दोन्ही कळेल. अंतर्मुख असेल तर कोडिंग किंवा सीए, बहिर्मुख असेल तर सेल्स किंवा एचआर. खाली सोळा प्रकारांची रंगीत यादी, आणि 'कंपन्यासुद्धा वापरतात' अशी पुस्ती.

आधी 'शास्त्रीय चाचणी' हा दावा. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ मधल्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही पद्धत बेतली, म्हणून तिचे नाव मायर्स-ब्रिग्ज चाचणी (एमबीटीआय). मोबाइलवरची फुकट चाचणी बहुधा ती मूळ चाचणी नसतेच. पण मूळ चाचणीतही गोम आहे ती गुण देण्यात. अंतर्मुख-बहिर्मुख यांसारख्या चार जोड्यांतून प्रत्येकी एक अक्षर मिळते. तिच्या ९३ प्रश्नांच्या प्रतीत अंतर्मुख-बहिर्मुख ठरवायला २१ प्रश्न आहेत. ११ विरुद्ध १० झाले की एक अक्षर. एकच उत्तर फिरले की दुसरे. आणि २१ विरुद्ध शून्य असलेल्यालाही तेच अक्षर! स्वभाव उंचीसारखा असतो, बहुतेक जण मधल्या पट्ट्यातच सापडतात. म्हणूनच पाच-सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचे एखादे तरी अक्षर बदलते.

'पण वर्णन तंतोतंत जुळले.' जुळणारच. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचा अहवाल' म्हणून एकच मजकूर वाटला, बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

आता यादी. 'अंतर्मुखाला कोडिंग' म्हणणाऱ्याने ऐरोलीच्या आयटी पार्कमधला एक दिवस पाहावा: सकाळी टीमची बैठक, दुपारी टेस्टिंगवाल्यांशी हुज्जत, रात्री अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल. किंवा न्हावा शेवा बंदराचे काम करणाऱ्या वाशी-बेलापूरच्या कस्टम ब्रोकरचे, म्हणजे आयातदाराचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याचे, टेबल घ्या. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टमला द्यायचा अर्ज) भरताना मालाचा आठ आकडी कोड चुकला तर ड्युटी चुकते, कंटेनर अडकतो आणि फ्री डेज (बिनभाड्याचे दिवस) संपले की शिपिंग लाइनचे भाडे चढायला लागते. हे एकट्याने मान खाली घालून करायचे काम. तासाभराने तोच माणूस ट्रान्सपोर्टर, सीएफएस (बंदराबाहेरचे कंटेनर गोदाम) आणि वैतागलेला आयातदार यांना आळीपाळीने फोनवर सांभाळत असतो. त्याला कोणते अक्षर द्याल? शिवाय अशा याद्यांतून फार तर त्या क्षेत्रात कोण आहेत ते कळते. कोणाला काम जमते, कोण टिकते, ते नाही.

'कंपन्यासुद्धा वापरतात.' वापरतात, टीमच्या कार्यशाळांत. नोकरभरतीत निवडीसाठी ती वापरू नका, असे ही चाचणी चालवणारेच सांगतात.

मग स्वभाव पाहूच नये का? पाहावा, पण अक्षरांऐवजी मोजपट्टीवर. मानसशास्त्रातल्या स्वभावाच्या पाच घटकांच्या मापनात शिस्त आणि चिकाटीचा गुण जवळजवळ सगळ्या कामांत थोडाफार उपयोगी दिसतो, म्हणजेच कोणते काम निवडावे हे तो सांगत नाही. शाखा निवडताना आवडीची चाचणी जास्त कामाची. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची आवडींच्या सहा गटांची पद्धत तशीच आहे, आणि राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे घेतलेली कलचाचणीही मुळात आवडीच पाहत होती. जोडीला अभिक्षमता चाचणी हवी, कारण आवडते ते जमतेच असे नाही.

चाचणी पैसे देऊन घ्यायची असेल तर समुपदेशकाला आधी दोन प्रश्न विचारा. गुणांची तुलना कोणत्या वयाच्या आणि कुठल्या मुलांशी करता? मराठी माध्यमाच्या मुलासाठी प्रश्न मराठीत आहेत का? इंग्रजी वाक्य अर्धवट कळले की मूल मधला पर्याय टिचकवते आणि निकाल तिथेच बिघडतो. अहवालात नुसते अक्षर असेल तर प्रत्येक जोडीचे आकडे मागून घ्या.

त्यानंतर मनात असलेल्या कामातली तीन माणसे गाठा: एक नवा, एक दहा वर्षे मुरलेला, एक सोडून गेलेला. 'काम कसे आहे?' असे विचारू नका, 'छान आहे' एवढेच उत्तर येईल. 'काल सकाळी दहापासून सातपर्यंत काय केलेत?' असे विचारा आणि तासवार लिहून घ्या. मग मुलाला त्या कागदावर नको वाटणाऱ्या तासांवर फुली मारायला सांगा.