'ऑइल पिवळं आहे तोवर हात लावू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेकडच्या वर्कशॉपांमध्ये हायड्रॉलिक पॉवरपॅकबद्दल (मशीनला दाबानं ऑइल पुरवणारा टाकी-पंपाचा संच) एक मेसेज फिरतोय. त्यात चार सल्ले आहेत: ऑइल पिवळं दिसतंय तोवर बदलू नका, नवं बॅरल स्वच्छच असतं म्हणून थेट टाकीत ओता, फिल्टर डिझेलनं धुऊन हवा मारा, वर्षातून एकदा सगळं ऑइल बदललं की बाकी काही बघायला नको. हेतू पैसे वाचवायचा दिसतो. होतं मात्र उलटंच.

"रंग बघा." साधारण 40 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण डोळ्याला दिसत नाही. ऑइलचा प्रवाह अचूक नियंत्रित करणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारा दांडा) आणि त्याचं बोअर यांमधली फट असते 1 ते 4 मायक्रॉन. म्हणजे जो कण स्पूल अडकवतो तो पिवळ्याधमक ऑइलमध्येही आरामात लपतो. काळपट रंग बहुतेक वेळा जास्त तापल्याचं सांगतो, कचऱ्याचं नाही. कचरा मोजायचा तर नमुना चालू, गरम मशीनच्या रिटर्न लाइनमधून (ऑइल टाकीत परत आणणाऱ्या पाइपातून), फिल्टरच्या आधी घ्या. सुरुवातीचं थोडं ऑइल सोडून द्या. टाकीच्या तळाच्या कॉकमधून घेतलात तर फक्त गाळ मोजाल.

"नवं बॅरल थेट ओता." ऑइलमधले कण तीन आकारांसाठी तीन आकड्यांत सांगणाऱ्या आयएसओ 4406 मानकाच्या हिशेबात नवं ऑइल अनेकदा 21/19/16 च्या आसपास भरतं. प्रपोर्शनल व्हॉल्व्हला (विजेच्या सिग्नलच्या प्रमाणात उघडणारा व्हॉल्व्ह) साधारण 18/16/13 लागतं. आकडा एकानं वाढला की कण दुप्पट, म्हणजे इथे फरक आठपट. म्हणून ऑइल फिल्टर ट्रॉलीतूनच (पंप आणि फिल्टर बसवलेल्या गाड्यातून) भरायचं. शिवाय आपल्याकडचा पाऊस. अंगणात उभं ठेवलेलं बॅरल दिवसा तापतं, रात्री गार होतं आणि बुचाभोवती साचलेलं पाणी आत ओढून घेतं. छप्पर नसेल तर बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी येतील असं.

"फिल्टर धुवा." चौघांत हा सर्वांत महागडा सल्ला. ग्लास फायबरच्या एलिमेंटमध्ये (फिल्टरच्या आतल्या गाळणाऱ्या भागात) घाण वरवर नसते, थराच्या आत रुतलेली असते. डिझेलनं ती निघत नाही. वर हवेचा झोत मारला की थर फाटतो. मग फिल्टर तुंबल्याचं सांगणारा इंडिकेटर कायम हिरवा राहतो, कारण ऑइल भोकातून निघून जातं, आणि फिटर म्हणतो, बघा, धुतलेला फिल्टर किती छान चालतोय! धुता येते ती सक्शनची (पंप ऑइल ओढतो त्या बाजूची) तारेची जाळी: स्वच्छ रॉकेल, आतून बाहेर, हलकी हवा. तीसुद्धा तुंबू द्यायची नाही, नाहीतर पंप खडखडतो आणि कॅव्हिटेशननं (ऑइलमध्ये बुडबुडे होऊन फुटण्यानं) आतून खरवडून निघतो.

एलिमेंट लाल इंडिकेटरवर बदला, पण डिसेंबरच्या सकाळी मशीन चालू करताच दिसणाऱ्या लालवर नाही. गार ऑइल घट्ट असतं. 40 अंशांच्या वर गेल्यावरही लाल असेल तर मात्र त्याच दिवशी, कारण बायपास (फिल्टर तुंबला की ऑइलला वळसा देणारी वाट) उघडला की ऑइल न गाळताच पुढे जातं. काढलेला एलिमेंट फेकण्याआधी कापून घड्या उघडा. पितळी चमक दिसली तर पंप झिजतोय, काळे रबरी तुकडे दिसले तर सील. चुंबकाला न चिकटणारी खरखर म्हणजे फौंड्रीची वाळू.

"वर्षातून एकदा बदला." टाकी रिकामी केली तरी सिलेंडर आणि पाइपांत जुनं ऑइल उरतंच, ते नव्यात मिसळतं. आणि वाळू येते कुठून? ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडातून. 100 मिमी बोअर, 60 मिमी रॉड, 500 मिमी स्ट्रोकचा सिलेंडर बाहेर आला की टाकीतली पातळी 1.4 लिटरनं उतरते आणि तेवढी हवा आत जाते. मिनिटाला 2 चक्रं धरली तर 8 तासांच्या शिफ्टला साधारण 1350 लिटर. मोल्डिंग शॉपची, म्हणजे फौंड्रीत वाळूचे साचे बनवण्याच्या जागेची हवा आहे ही! जाळीचा साधा ब्रीदर इथे नुसतं झाकण ठरतो. 3 मायक्रॉनचा बसवा, पावसाळ्यासाठी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचा.

ऑइल बदलायचं ते तपासणीवरून: व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) 10 टक्क्यांच्या वर हलली, आम्लता चढली किंवा पाणी मिसळून दुधाळ झालं तर. तापमान 60 अंशांच्या आत ठेवा. त्यावर दर 10 अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं. टाकी पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे थेट सक्शनच्या जाळीवर जाऊन बसतात. आणि नवं ऑइल भरल्यावर रिटर्नचा एलिमेंट पहिल्या 50 तासांनी एकदा बदलाच.