तळीराम राज्य चालवतात म्हणे!

‘पिणाऱ्यांना नावे ठेवू नका, त्यांच्याच पैशावर राज्य चालते.’ मे २०२० मध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने उघडली आणि बाहेर रांगा लागल्या, तेव्हा हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरला. जून २०२५ मध्ये राज्याने दारूवरचे शुल्क वाढवले, तेव्हा तो नव्या दमाने परत आला. आता त्याला शेपटीही फुटली आहे. दारू बंद झाली तर पगार थांबतील, पिणारा स्वतःच्या पैशाने पितो, बंदी आली की विषारी दारू येते, थोडी घेतली तर तब्येतीला चांगलीच, आणि खरे संकट ड्रग्जचे आहे. विनोद म्हणून हसून सोडला असता. पण हेच मुद्दे लोक चर्चेत गंभीर चेहऱ्याने मांडतात, तेव्हा उत्तर द्यावे लागते.

‘दारू नसेल तर पगार थांबतील.’ २०२४-२५ मध्ये राज्य उत्पादन शुल्कातून महाराष्ट्राला सुमारे २५ हजार कोटी रुपये मिळाले. राज्याची महसुली जमा पाच लाख कोटींच्या आसपास आहे. म्हणजे रुपयातले पाच पैसे. दारूवरचा विक्रीकर मिळवून सढळ हाताने दहा पैसे धरू. उरलेले नव्वद पैसे जीएसटी, मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा कर, केंद्राकडून येणारा वाटा अशा वाटांनी येतात. साबणाची वडी घेताना कर भरणारी बाईही राज्य चालवतेच. तिच्या नावाने अजून कुणी मेसेज काढलेला नाही.

दारूचा पैसा सरकारला प्रिय आहे, हे मात्र खरे. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे तिच्यावरचे दर राज्याला स्वतः ठरवता येतात. तिजोरीत खडखडाट झाला की हात आधी तिकडे जातो. पण दारूवर न गेलेला पैसा जळून जात नाही. तो किराणा दुकानात जातो, कपड्यांवर जातो, मुलांच्या फीत जातो आणि त्यातला काही भाग कर म्हणून परत येतो. दारूइतका नाही येत, मान्य.

आता खर्चाची बाजू. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील संशोधकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूवरचे कर वजा करूनही देशाचे होणारे नुकसान त्यांनी वर्षाला सरासरी जीडीपीच्या १.४५ टक्के काढले. त्या सुमारास केंद्र आणि राज्ये मिळून आरोग्यावर करत असलेला सगळा खर्चही जीडीपीच्या दीड टक्क्याच्या आतच होता. हे नुकसान दिसत नाही, कारण जमा एका खात्यात मोजली जाते आणि खर्च दहा खात्यांत विखुरतो. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात एक चक्कर मारा. चाळिशीतला माणूस, डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र टम्म. लिव्हर सिरोसिस. पोटातले पाणी सुई लावून काढायचे, काही दिवसांनी ते पुन्हा भरायचे, पुन्हा काढायचे. शेजारच्या खाटेवर एकाचे हात बांधून ठेवलेत. दुसऱ्याच आजारासाठी भरती झाला, दारू एकदम तुटली आणि तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसू लागले. ही खाट, ही सलाईन, रात्रपाळीची नर्स आरोग्य खात्याच्या खर्चात. पिऊन गाडी ठोकलेल्याचा पंचनामा गृह खात्याच्या खर्चात. बाप झिंगून पडला म्हणून शाळा सोडून कामाला लागलेला पोरगा कोणत्याच खर्चात नाही.

‘स्वतःच्या पैशाने पितो, कुणाचे काय जाते?’ हिशेब करूनच बघू. जून २०२५च्या दरवाढीत देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. संध्याकाळी दोन क्वार्टर झाल्या की १६० गेले, चखणा वेगळा. घरी नेण्यासाठी जास्तीत जास्त १५२ उरतात. त्यातही काम रोज मिळत नाही, दारू मात्र रोज लागते. मग दुकानात उधारी होते, बायकोने बचत गटातून काढलेले कर्ज तिकडे वळते, शेवटी मणी-डोरले सोनाराकडे जाते. यातला कोणता पैसा त्याचा ‘स्वतःचा’?

आणि फक्त पैसाच जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या बायकांना विचारले गेले. नवरा वारंवार झिंगतो अशा बायकांपैकी ७० टक्के जणींनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. नवरा पीत नाही अशांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होते. न पिणाऱ्यांची २३ टक्केही लाज वाटावी अशीच आहेत, पण तो वेगळा विषय.

‘बंदी केली की विषारी दारू येते. चंद्रपूर बघा.’ या मुद्द्यात दम आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती आणि मे २०२१ मध्ये सरकारने अवैध दारू व गुन्हेगारी वाढल्याचे सांगत ती उठवली. गुजरातेत बोटाद, बिहारमध्ये सारण. दोन्हीकडे २०२२ मध्ये विषारी दारूने माणसे मेली. मीही सरसकट बंदीचा वकील नाही. पण विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूने माणसे मेली, मालवणीत तर शंभरावर, तेव्हा मुंबईत कुठे दारूबंदी होती? मिथेनॉल कारखान्यांतून गुत्त्यापर्यंत पोहोचते ते वाटेत कुणी अडवत नाही म्हणून. बंदी असो वा नसो. बिहारचाही दुसरा अर्धा भाग सांगायला हवा. लॅन्सेट समूहाच्या एका नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की बंदीमुळे तिथे रोज किंवा दर आठवड्याला पिणारे सुमारे २४ लाखांनी आणि जोडीदाराच्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणे कमी झाली.

शिवाय आपल्याकडे बंदीची मागणी बहुतेक वेळा खालून येते. २००८च्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान होते: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. जिंकायला झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, वारलेली पण यादीत नाव राहिलेली, सगळ्यांची गैरहजेरी उभ्या बाटलीच्या पथ्यावर पडते. इतके अवघड गणित असूनही बायका दुकाने बंद पाडतात.

‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली.’ जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की सुरक्षित म्हणावे असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. ती कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ पासून आहे, तंबाखूच्या पंगतीत. विषय संपला.

‘खरे संकट ड्रग्जचे.’ ड्रग्जचे संकट आहेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीचे नाव आले आणि एकूण १,७०० किलोंहून अधिक एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) पकडले गेले. पण एकाकडे बोट दाखवून दुसरे झाकता येत नाही. एम्सने केलेल्या आणि केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या घरात निघाले, तर दारू पिणारे १६ कोटी. त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज होती. म्हणजे साधारण तिघांतला एक. दुकानदाराचा रोजचा गल्ला याच माणसावर उभा असतो, अधूनमधून लग्नात दोन पेग घेणाऱ्यावर नाही. राज्य ज्याच्या जिवावर चालते म्हणतात तो हाच, आणि त्याच्या वाट्याला उपचार किती येतात? त्याच पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलेतरी उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक.

पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करते आहे. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. घरात रोज पिणारे कुणी असेल तर दारू त्याच्या हातून एकदम हिसकावू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरला दाखवा.