आधी वर्ष लिहा की!

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललंय, आणि विषय काय, तर तारीख कशी लिहायची! श्रावणातल्या अभिषेकांच्या पाळ्या लावायला पुण्यातल्या एका पोराने ऑनलाइन शीट केलं. सेटिंग अमेरिकन राहिली, म्हणजे आधी महिना, मग दिवस. शेवटच्या श्रावणी सोमवारचा अभिषेक, ०७/०९, शीटने ९ जुलैला नेऊन ठेवला. १७/०८ तर त्याला तारीख वाटलीच नाही; सतरावा महिना कुठला? ती निव्वळ मजकूर म्हणून डाव्या कडेला चिकटून राहिली. यादी क्रमाने लावली तर निम्मी घरं वर, निम्मी तळाला, आणि मान कुणाचा यावरून दोन भावकीत जुंपली.

मी एवढंच लिहिलं की बाबांनो, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. तारखा लिहिण्याचं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे, त्यात गोंधळाला जागा नाही. लगेच काकांचं उत्तर: "थंय बसान आमका शिकवू नको."

का नको? इथे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, दंतवैद्याच्या निरोपापासून पगाराच्या कागदापर्यंत सगळीकडे २०२६-०९-१४ असंच असतं. सुट्टी तर वर्षातल्या आठवड्याच्या नंबरावर मागतात. मी 'आठवडा ३८' म्हटलं, बॉसने मान हलवली, गणपतीची रजा मंजूर. स्पोर्टलोव, म्हणजे शाळांची हिवाळी सुट्टी, आमची आठवडा ७, स्टॉकहोमच्या मित्रांची ९, त्यामुळे पोरांची गाठ पडत नाही, एवढीच काय ती तक्रार. (हाताने लिहिताना हेच लोक १४/९ लिहितात. ते मी ग्रुपवर टाकलेलं नाही.)

आणि गावाकडे? रात्री १२.२० च्या गाडीचं तिकीट १५ तारखेचं असलं की माणूस १५ ला रात्री जेवूनखाऊन, गोणी बांधून स्टेशनवर हजर. गाडी आदल्या रात्रीच गेलेली. काका म्हणतात, पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, रेल्वेचा मध्यरात्री, मग चुकलं कोण? म्हणोत बापडे. गाडी त्यांच्यासाठी थांबत नाही.

पण मग त्यांनी विचारलं, आंगणेवाडीची जत्रा तुझ्या त्या मानकात बसव बघू. भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल मिळाला की तारीख ठरते, आणि तोवर चाकरमानी रजेचा अर्ज कोरा ठेवून बसलेले. मानकाच्या दुसऱ्या भागात, २०१९ मध्ये, अंदाजे आणि अनिश्चित तारखांसाठी चिन्हं आलीत खरी. ती फॉर्म बनवणाऱ्यांपर्यंत पोचलेली नाहीत. फॉर्मला दिवस हवा म्हणजे हवाच, नाहीतर लाल अक्षरांत ओरडतो.

अशा ओरडणाऱ्या रकान्यांची आपल्याला जुनी सवय आहे म्हणा. माझ्या वडलांची जन्मतारीख १ जून, काकांचीही १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली. खरं म्हणजे एकाचा जन्म शिमग्यातला, दुसरा नारळी पुनवेच्या आसपासचा. इथल्या पर्सूननुम्मरची, म्हणजे प्रत्येकाच्या ओळख क्रमांकाची, सुरुवातही जन्मतारखेनेच होते, आणि तारीख माहीत नसलेल्या इतक्या निर्वासितांना १ जानेवारी दिली गेली की त्या दिवसाचे नंबर संपत आले. हे वाचून मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

शेवटी पोराने नवा फॉर्म केला. वर्ष आधी, महिना यादीतून निवडायचा, शेजारी तिथीचा रकाना. माझं नाव कुणी घेतलं नाही, चालायचंच. मी भरायला बसलो. तारीख झटक्यात टाकली, तिथी मोबाइलला विचारून घेतली. आई असती तर बोटांवर सांगितली असती. त्याखाली विचारलं होतं, आपण कोण: स्थानिक की मुंबईकर? दोनच पर्याय, आणि निवडल्याशिवाय पुढे जाऊ देईना. मुंबईत मी कधी राहिलेलोच नाही. मुंबईकर निवडलं, आणि वर्गणी थेट दुप्पट दिसायला लागली.